उसने अवसान : नायट्रस ऑक्साइड, युद्धविमाने आणि थकलेले इंजिन

१/ दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी. घाटात दम लागतो, ओव्हरटेक करताना पूर्वीचा पिकअप जाणवत नाही. अशा वेळी गाडीच्या मालकाला कुणीतरी सुचवते : नायट्रसची बाटली बसवा, इंजिन पुन्हा तरुण होईल. हा प्रश्न गॅरेजमधला वाटतो. परंतु त्याचे उत्तर या वायूच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात फार स्वच्छपणे सापडते. आजचा धागा त्याविषयी.

२/ मुख्य प्रतिपादन आरंभीच मांडणे इष्ट. नायट्रस ऑक्साइड इंजिनात प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो धडधाकट, परंतु हवेला मुकलेल्या इंजिनांसाठी. जुन्या गाडीचे इंजिन हवेला मुकलेले नसते. ते झिजलेले असते. या दोन अवस्थांत गल्लत झाली की जे घडते ते महागात पडते. ही गल्लत कशी रूढ झाली, हे क्रमाने पाहू.

३/ इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि रसायनज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. त्यांच्या प्रयोगांतील एका निरीक्षणात आपल्या विषयाचे बीज आहे. या वायूत मेणबत्ती विझत नाही, उलट तिची ज्योत मोठी होते. प्राणी मात्र त्यात जगत नाही. ज्योतीला पोसणारा, पण श्वासाला न पुरणारा असा हा विलक्षण वायू.

४/ १७९९ मध्ये ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन येथे डॉ. थॉमस बेडोज यांच्या वायुचिकित्सा संस्थेत विशीतल्या हम्फ्री डेव्ही यांनी तो स्वतः हुंगून पाहिला. त्यांच्या प्रयोगांत कोलरिज आणि सदी हे कवीही सामील झाले. १८०० मध्ये डेव्हींनी या वायूवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असेही त्यात सुचवून ठेवले. ‘हास्यवायू’ ही त्याची ओळख याच काळातील.

५/ या संस्थेच्या इतिहासात एक नाव अनपेक्षित आहे : जेम्स वॉट. वाफेच्या इंजिनाला कार्यक्षम रूप देणाऱ्या या अभियंत्याची मुलगी १७९४ मध्ये क्षयाने दगावली. त्यानंतर वॉट यांनी वायू तयार करण्याची आणि हुंगण्याची उपकरणे बेडोज यांच्यासाठी रचून दिली. इंजिनांचा हा जाणकार हास्यवायूच्या इतक्या निकट होता. तरी या वायूला इंजिनात शिरण्यास आणखी सुमारे १४० वर्षे लागली.

६/ मधला काळ वैद्यकाचा. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हास्यवायूच्या जाहीर खेळात एका माणसाच्या पायाला इजा झाली आणि त्याला वेदना जाणवली नाही. प्रेक्षकांत बसलेले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ते हेरले आणि दुसऱ्याच दिवशी वायू हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला. तेव्हापासून हा वायू भूलशास्त्राचा झाला. ज्योतीविषयीचे प्रीस्टलींचे निरीक्षण मागे पडले.

७/ आता थोडे रसायन. या वायूच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन असतो. साध्या हवेत सुमारे २३ टक्के. सामान्य तापमानाला हा ऑक्सिजन रेणूत बांधलेला राहतो. सिलिंडरमधील उष्णतेने बंध तुटला की तो मोकळा होतो आणि बंध तुटतानाही उष्णता बाहेर पडते. वायू स्वतः इंधन नाही, तो जळत नाही. तो जाळण्यास मदत करतो.

८/ इंजिनाची शक्ती ठरते ती मुख्यतः ते किती हवा आत घेऊ शकते यावरून. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तितके ओतता येते. हवा मात्र पिस्टन ओढेल तेवढीच. नायट्रसने हेच काम सुमारे साडेनऊ किलोत होते. शिवाय दाबाखाली त्याचा द्रव होतो, म्हणजे ऑक्सिजनचा मोठा साठा एका बाटलीत मावतो. हा द्रव मोकळा झाला की उणे ८८ अंशांना उकळतो, आत येणाऱ्या हवेला गारठवतो आणि ती हवा अधिक दाट होते.

९/ हा साठा ज्वलनासाठी वापरण्याची कल्पना अमेरिकेतील रॉबर्ट गॉडार्ड यांच्या १९१४ च्या रॉकेटविषयक पेटंटमध्ये दिसते. परंतु ती पिस्टनच्या इंजिनात आणली दुसऱ्या महायुद्धाने. त्यामागचे कारण नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

१०/ समुद्रसपाटीपासून १० किलोमीटर उंचीवर हवेची घनता खालच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश उरते. विमानाचे इंजिन ही तूट सुपरचार्जरने, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याने, भरून काढते. पण त्यालाही मर्यादा असते. एका ठराविक उंचीपर्यंत इंजिन पूर्ण शक्ती देते; त्यापुढे थ्रॉटल पूर्ण उघडा असूनही हवा पुरत नाही आणि शक्ती उतरू लागते. वैमानिकी परिभाषेत ही ‘पूर्ण थ्रॉटलची उंची’.

११/ या उंचीच्या वर असलेल्या इंजिनाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. पिस्टन तोच, दांडा तोच, क्रँकशाफ्ट तोच. खाली ज्या ताणासाठी हे भाग घडवले, त्याहून पुष्कळ कमी ताण त्यांच्यावर पडत असतो. उणीव आहे ती केवळ ऑक्सिजनची. ताकद शाबूत, श्वास अपुरा.

१२/ जर्मन वायुदलाने नेमकी हीच उणीव हेरली. ‘जीएम-१’ या नावाच्या यंत्रणेत द्रवरूप नायट्रस ऑक्साइड सुपरचार्जरमध्ये सोडला जाई. वायूच्या ख्यातीवरून तिला ‘हाहा यंत्र’ असे टोपणनावही मिळाले. मेसरश्मिट बीएफ १०९ च्या काही आवृत्त्यांत आणि युंकर्स जेयू ८८ च्या एस आवृत्तीत ती बसवली गेली. तिचा वापर पूर्ण थ्रॉटलच्या उंचीच्या वर करायचा होता.

१३/ याच्या शेजारी जर्मनांची दुसरी यंत्रणा ठेवली की भेद उघड होतो. ‘एमडब्ल्यू-५०’ मध्ये मिथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण इंजिनात सोडत. ती कमी उंचीवर, म्हणजे हवा मुबलक असताना वापरायची. तिचे काम जळणाऱ्या मिश्रणाला थंड ठेवणे, जेणेकरून नॉकिंग न होता सुपरचार्जरचा दाब वाढवता येईल. तिचा वापर एका वेळी साधारण १० मिनिटांपुरता मर्यादित ठेवण्याची सूचना असे.

१४/ म्हणजे दाट हवेत इंजिनाला त्याच्या नेहमीच्या शक्तीपलीकडे न्यायचे असेल तर सोबत शीतन हवे आणि घड्याळाचा धाक हवा, हे त्या अभियंत्यांना ठाऊक होते. नायट्रस त्यांनी विरळ हवेसाठी राखून ठेवला. एकाने ताण वाढत होता. दुसऱ्याने हरवलेली शक्ती परत मिळत होती. दोन औषधे, दोन वेगळे आजार.

१५/ ब्रिटिशांनीही हा वायू वापरला. १९४४ च्या आरंभी जर्मन बाँबफेकी विमाने पुन्हा लंडनवर रात्री येऊ लागली तेव्हा काही मॉस्किटो रात्रलढाऊ विमानांत नायट्रसची यंत्रणा बसवली गेली. त्यांच्या मर्लिन इंजिनांची शक्ती अधिक उंचीवर उतरे. ती तेवढ्या पाठलागापुरती सावरून शत्रूला गाठणे हा हेतू. उद्देश तोच : उंचीने हिरावलेले परत मिळवणे.

१६/ याची किंमतही होती. टाकी, नळ्या आणि द्रव यांचे वजन विमानाला सर्व वेळ वाहावे लागे, उपयोग मात्र काही मिनिटांचा. शिवाय युद्धविमानाच्या इंजिनाचा तासन्‌तासाचा हिशेब ठेवला जाई. ठरलेले तास भरले की ते उतरवून, उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधत. नायट्रस घेणारे इंजिन म्हणजे सतत देखरेखीखालचे इंजिन.

१७/ येथे एक हिशेब करून पाहा. दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर तिचे इंजिन ३,७५० तास चालले आहे. त्यातील बहुसंख्य इंजिने या काळात एकदाही उघडलेली नसतात. युद्धविमानाच्या इंजिनाला इतके आयुष्य कुणी कल्पिलेलेही नव्हते.

१८/ युद्ध संपले. कॅलिफोर्नियातील वेगवेड्या तरुणांनी विमानांच्या जादा इंधनटाक्या विकत घेऊन त्यांच्या शर्यतीच्या गाड्या केल्या आणि कोरड्या तलावांच्या पात्रांत पळवल्या. युद्धकाळातील ज्ञान रस्त्यावर उतरण्याचा हा काळ. नायट्रसही पुढील दशकांत शर्यतींच्या जगात शिरला. मात्र बराच काळ तो गुपित म्हणून वावरला.

१९/ गुपित गाजले ते १९७६ मध्ये. डेटोना ५०० या स्टॉक कार शर्यतीच्या पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरलेल्या तीन चालकांच्या वेळा आयोजकांनी रद्द केल्या. त्यांपैकी ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या बाबतीत संशय होता तो नायट्रसचा. तिसरे डेव्ह मार्सिस. त्यांच्यावरील आक्षेप रेडिएटरपुढील हवेचा प्रवाह अडवल्याचा. अखेर पहिले स्थान मिळाले रॅमो स्टॉट यांना.

२०/ दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, माइक थर्मोस आणि डेल वॅझ्नेयन यांनी ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. आज जगभर उच्चारला जाणारा ‘नॉस’ हा शब्द याच कंपनीच्या आद्याक्षरांचा. बाटली, सोलेनॉइड, नळी आणि जेट यांचा तयार संच आता दुकानात मिळू लागला. प्रयोगशाळा, रुग्णालय आणि युद्धभूमी असा प्रवास केलेला वायू सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती आला.

२१/ याच व्यापारामुळे एक खबरदारी आली. गाड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या वायूत अत्यल्प सल्फर डायऑक्साइड मिसळू लागले, जेणेकरून कुणी तो नशेसाठी हुंगू नये. क्लिफ्टनमध्ये डेव्हींनी केलेला प्रयोग गॅरेजमध्ये पुन्हा होऊ नये यासाठीची ही तजवीज.

२२/ २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा चित्रपट आला आणि बटण दाबताच झेपावणारी गाडी ही प्रतिमा आपल्याकडील तरुणांपर्यंतही पोहोचली. गंमत अशी, की त्या चित्रपटात नायक पहिल्याच शर्यतीत वायूचा अतिरेक करतो, इंजिन दगा देते आणि तो हरतो. प्रेक्षकांच्या लक्षात बटण राहिले. पराभव विसरला गेला.

२३/ विमानातून मोटारीत येताना निसटला तो मूळ संदर्भ. रस्त्यावरचे इंजिन समुद्रसपाटीच्या दाट हवेत आधीच पोटभर श्वास घेत असते. ७० अश्वशक्तीच्या इंजिनाला ४० अश्वशक्तीची मात्रा दिली, तर त्याच्यावर निर्मात्याने अपेक्षिलेल्या भाराच्या दीडपटीहून अधिक भार पडतो. येथे तूट भरत नसते. भरलेल्या पोत्यात आणखी कोंबले जात असते.

२४/ एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. साध्या संचात वायूचा प्रवाह सेकंदाला ठराविक असतो, इंजिन कितीही फेऱ्यांवर असो. चार सिलिंडरचे इंजिन ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला २०० वेळा श्वास घेते, २,००० फेऱ्यांवर सुमारे ६७ वेळा. म्हणजे कमी फेऱ्यांवर बटण दाबले तर प्रत्येक श्वासात तिप्पट मात्रा जाते. म्हणूनच जाणकार साधारण ३,००० फेऱ्यांखाली वायू सोडत नाहीत.

२५/ आता जुने इंजिन. त्याची शक्ती का घटते? पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजते, जळलेल्या वायूचा दाब खाली निसटतो. व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. इंजेक्टर, इंधन पंप आणि फिल्टर मंदावतात. इंजिन ऑइल खाऊ लागते आणि निळा धूर सोडते. या यादीत ऑक्सिजनचा तुटवडा हे मूळ दुखणे नाही. त्यावर नायट्रस सोडणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

२६/ पहिला धोका इंधनाचा. जादा ऑक्सिजनबरोबर त्या प्रमाणात जादा पेट्रोल गेलेच पाहिजे. काही संचांत ते वायूसोबत स्वतंत्र जेटमधून येते, काहींत मूळ इंजेक्टरकडूनच वाढवून घेतात. दोन्हींचा भार अखेर जुन्या पंपावरच. पंप थकलेला किंवा फिल्टर तुंबलेला असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, तापमान चढते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळून त्याला भोक पडू शकते. हे घडायला काही सेकंद पुरतात.

२७/ दुसरा धोका नॉकिंगचा. वर्षानुवर्षे साचलेला कार्बन तापून लाल होतो आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. रिंगांमधून वर आलेले ऑइल पेट्रोलची नॉकिंग सोसण्याची क्षमता घटवते. त्यात नायट्रसमुळे ज्वलन वेगाने होते. म्हणून ठिणगी नेहमीपेक्षा उशिरा द्यावी लागते. ती मागे घेतली नाही, तर वर येणाऱ्या पिस्टनवरच हातोडा पडतो. मग रिंग तुटणे, हेड गॅस्केट उडणे, बेअरिंग जाणे हे ओघानेच आले.

२८/ एक प्रतिवाद नेहमी ऐकू येतो : शर्यतीची इंजिने बांधणारे नायट्रससाठी रिंगांची फट मुद्दाम मोठी ठेवतात, मग झिजून फट वाढलेले इंजिन उलट बरे नाही का? त्यात अर्धे सत्य आहे. उष्णतेने रिंग प्रसरण पावते, तिची टोके भिडू नयेत म्हणून फट हवीच. पण ती फट गोल, सरळ सिलिंडरमध्ये नव्या रिंगेला दिलेली असते. झिजलेल्या इंजिनात सिलिंडरचा आकारच बिघडतो आणि रिंगेचा ताणही गेलेला असतो. मापाने सैल शिवलेला सदरा वेगळा, विरून सैल झालेला वेगळा.

२९/ तथापि किलोमीटरचा आकडा हाच आजार मानणेही चुकीचे. वेळच्या वेळी ऑइल बदललेले, चारही सिलिंडरांत सारखा दाब देणारे इंजिन दोन लाखांनंतरही निरोगी असू शकते आणि लहान मात्रा सोसूही शकते. म्हणून आधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाऊन टेस्ट, मग पंपाचा दाब, मग प्लग. पण या तपासण्यांतून दोष सापडला आणि तो दुरुस्त झाला, तर हरवलेला पिकअप पुष्कळदा तेथेच परत मिळतो. मग बाटलीची गरज किती उरते?

३०/ आपल्या हवामानाचा मुद्दा वेगळा नोंदवायला हवा. ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर नायट्रस ऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, दाब कितीही असो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीच्या डिकीत त्याहून अधिक. थंड देशांत या बाटलीला ऊब देणारे हीटर विकले जातात. आपल्याकडे भरलेल्या बाटलीतील दाब चढून तिची सुरक्षा चकती फुटण्याची आणि सारा वायू एकदम सुटण्याची चिंता करावी लागेल.

३१/ कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यास मनाई करते. खासगी बंदिस्त ट्रॅकवर कुणी काय करावे हा निराळा विषय; परंतु सार्वजनिक रस्त्यावरच्या जुन्या गाडीत ही यंत्रणा बसवणारा माणूस आपल्यासोबत इतरांनाही जोखमीत ओढतो. गॅस्केट उडालेली गाडी द्रुतगती मार्गावर मधल्याच लेनमध्ये थांबली, तर मागून येणाऱ्याने काय करावे?

३२/ इतिहासाचा अभ्यासक तंत्राकडे पाहताना एक प्रश्न सतत विचारतो : हे साधन कोणत्या अडचणीवर जन्मले? नायट्रसच्या बाबतीत उत्तर निःसंदिग्ध आहे. ते विरळ हवेत गुदमरणाऱ्या, परंतु हाडापेराने भक्कम असलेल्या इंजिनांसाठी पुढे आले, आणि तेही मोजून, थोड्या वेळापुरते. साधन प्रवास करते. त्याची अट मात्र अनेकदा मागे राहते.

३३/ त्यामुळे ‘जुन्या गाडीला नायट्रस बसवावा का’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा : शक्ती गेली कुठे? ती झिजेतून गेली असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. पैसे रिंग-पिस्टनवर, व्हॉल्व्हवर, इंजेक्टरच्या सफाईवर खर्च करावेत. उसने अवसान आणून शेवटचे काही सेकंद गाजवता येतात. रोजचा घाट त्यावर चढता येत नाही.

धागा समाप्त. शंका आणि पूरक माहिती अवश्य खाली लिहावी. गॅरेजमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या वाचकांच्या अनुभवांचे विशेष स्वागत.